ब्लीचिंग अर्थ: मातीवर खापर फोडण्याआधी

नवी मुंबईत तुर्भे, रबाळे, महापे किंवा पलीकडे तळोज्यातल्या एखाद्या खाद्यतेल रिफायनरीत नवीन शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलात, की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "या वेळची अर्थ बेकार आलीये." अर्थ म्हणजे ब्लीचिंग अर्थ, तेलाचा रंग काढायला वापरतात ती माती. रंग उतरला नाही, अर्थ बेकार. फिल्टर तुंबला, अर्थ बेकार. एफएफए (तेलातली मोकळी फॅटी ॲसिडं) वाढला, तरी अर्थच बेकार. कधी कधी ती खरंच बेकार असते. पण बहुतेक वेळा दोष तेलातल्या साबणात, गमात (तेलातल्या चिकट घटकांत), व्हॅक्यूममध्ये नाहीतर पोती जिथे ठेवली त्या कोपऱ्यात असतो. खापर मातीवर फोडणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. तुम्ही खाली दिलेल्या क्रमाने तपासत जा.

1. हातात काय आहे ते आधी ओळखा

कारखान्यात जिला नुसतं 'अर्थ' म्हणतात ती बहुतेक वेळा आम्लाने सक्रिय केलेली बेंटोनाइट माती असते. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याची रचना पानापानांची: सिलिकाचे दोन थर, मध्ये ॲल्युमिनाचा एक, आणि अशा पानांच्या चळतीत अडकलेलं पाणी. भारतात ही माती प्रामुख्याने कच्छ आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून येते. घरात चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती याच कुळातली. लोकरीचं तेलकटपण काढायला अशा माती पूर्वी वापरत, तेव्हा तेल शोषण्याचा तिचा धंदा जुनाच आहे.

बाजारात दोन प्रकार मिळतात. नैसर्गिक माती फक्त वाळवून दळलेली असते. तिचा सामू साधारण 7 च्या आसपास किंवा वर. सक्रिय माती सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, धुऊन, वाळवून, दळून तयार करतात. आम्लाने मधल्या थरातलं ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम काही प्रमाणात निघून जातं, छिद्रं उघडतात आणि एका ग्रॅमचं पृष्ठफळ 60 ते 100 चौरस मीटरवरून 200 ते 300 च्या पुढे जातं. तिचा सामू साधारण 2.5 ते 5.

सोया, सूर्यफूल, मोहरी, राइस ब्रान यांतलं हिरवं क्लोरोफिल काढायचं तर सक्रिय मातीच लागते. कमी रंगाच्या तेलाला नैसर्गिक माती पुरते, आणि तिने एफएफएही फारसा वाढत नाही. ट्रान्सफॉर्मर ऑइल पुन्हा वापरात आणायला दाणेदार फुलर्स अर्थ घेतात, तिच्यातून तेल झिरपवून आम्लता आणि गाळ काढतात. ते काम वेगळं, माती वेगळी. खाद्यतेलाच्या ब्लीचरची (माती मिसळून तेल तापवायच्या भांड्याची) पावडर त्यात आणि त्यातले दाणे ब्लीचरमध्ये, असा गोंधळ गोदामात होतो, म्हणून पोत्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एक सल्ला आधीच देतो: कच्छहून कच्ची माती मागवून इथेच आम्लात उकळून स्वस्तात काम करण्याचा विचार कोणी मांडला तर त्यातून बाहेर राहा. आम्ल, लोह आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांचं जे पाणी निघतं त्याची सोय नसते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रातही ती प्रक्रिया नसते.

2. गाडी उतरवून घेताना

गाडीबरोबर हे कागद हवेत:

• त्या बॅचचा विश्लेषण दाखला. बॅच नंबर पोत्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. 'ठराविक मूल्ये' असं लिहिलेला सर्वसाधारण कागद चालत नाही.
• खाद्यतेलासाठी योग्य असल्याचं पुरवठादाराचं पत्र, शिसं आणि आर्सेनिकच्या आकड्यांसह.
• सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एमएसडीएस.
• बिल. नैसर्गिक मातीचा एचएसएन (करासाठीचा माल-कोड) 2508 खाली येतो, सक्रिय मातीचा 3802 खाली. कागदावर 'ॲक्टिव्हेटेड' आणि कोड 2508 असेल तर खरेदी विभागाला तेव्हाच विचारा.
• काटा पावती.

पोती बहुधा 25 किलोची. पाच-सहा पोत्यांतून, आतल्या बाजूने, मिळून किलोभर नमुना काढा आणि त्यातला अर्धा हवाबंद बरणीत, तारीख टाकून जपून ठेवा. पुढच्या लॉटशी तुलना करायला हाच नमुना लागतो. दाखल्यावरच्या आकड्यांपेक्षा माझा भरवसा या बरणीवर जास्त.

साठवण हा आपल्याकडचा खास प्रश्न. जून ते सप्टेंबर नवी मुंबईत गोदामाच्या भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात. माती पाणी ओढते आणि वासही ओढते. शेजारच्या प्लॉटवर अत्तराचा किंवा कीटकनाशकाचा कारखाना असणं ही टीटीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, काही दुर्मीळ गोष्ट नाही. अशा ठिकाणी उघडं ठेवलेलं पोतं तो वास तुमच्या तेलात आणून सोडतं. पोती लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर, वर ताडपत्री. आधी आलेलं आधी वापरा. फाटलेलं पोतं 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवू नका.

3. लॅबमधले चार साधे तपास

लागणारं सामान: दोन दशांशांचा तराजू, 105 अंशांचा ओव्हन, पीएच मीटर, 200 मेशची चाळणी, मोजपात्र, मॅग्नेटिक स्टररची हॉट प्लेट, व्हॅक्यूम पंप, बुकनर फनेल, फिल्टर पेपर, आणि तेलाचा रंग मोजायला लोव्हिबाँड टिंटोमीटर.

ओलावा: 105 अंशांवर दोन तास ठेवून वजनातली घट. सक्रिय मातीत 10 ते 15 टक्के ओलावा अपेक्षितच असतो. इथे नवख्यांची ठरलेली चूक होते: आकडा 14 आला की माती ट्रेमध्ये पसरून भाजायला घेतात. असं करू नका. पानांमधलं पाणी पानांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतं. ते आधीच काढलं तर चळत मिटते आणि रंगद्रव्याला आत शिरायला वाट राहत नाही. हे पाणी गरम तेलात, व्हॅक्यूमखाली निघायला हवं, म्हणजे त्याची जागा तेल घेतं. अर्थात 20 टक्क्यांच्या वर ओलावा म्हणजे तुम्ही मातीच्या भावाने पाणी विकत घेताय. तो लॉट परत पाठवण्याची बोलणी करा.

सामू: 10 ग्रॅम माती, 100 मिली डिस्टिल्ड पाणी, नीट ढवळून मोजा. दाखल्यापेक्षा बराच कमी आला तर आम्ल नीट धुतलेलं नाही. त्याने एफएफए वाढतो आणि फिल्टरच्या कापडाचं आयुष्य कमी होतं. हायड्रोक्लोरिकने सक्रिय केलेल्या मातीत क्लोराइड उरलं तर पुढे डिओडोरायझरमध्ये (तेलाचा वास काढायच्या भांड्यात) 3-एमसीपीडी एस्टर हे नको असलेलं संयुग तयार व्हायला मदत होते. निर्यातीचा किंवा लहान मुलांच्या आहाराचा ग्राहक असेल तर क्लोराइडचा आकडा मागाच.

चाळणी: 200 मेशवर किती उरतं ते बघा. जाड दाणा रंग कमी काढतो, फार बारीक भुकटी फिल्टर तुंबवते. पुरवठादार 'जास्त ॲक्टिव्ह' म्हणून विकतो ती माती कधी कधी फक्त जास्त बारीक दळलेली असते.

ढीग घनता: मोजपात्रात भरून, ठोकून, वजन करा. हा तपास सगळे टाळतात, पण तुमचा डोसिंग स्क्रू वजनाने नाही, आकारमानाने माती टाकतो. घनता 0.55 वरून 0.65 झाली तर त्याच फेऱ्यांत 18 टक्के जास्त माती पडते. 'नवीन माती छान आहे' असं वाटण्यामागे इतकंच कारण असू शकतं.

4. तेल आधी साफ करा

ब्लीचरमध्ये येणाऱ्या तेलात काय आहे ते बघितल्याशिवाय मात्रा ठरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तीन गोष्टी मातीची जागा अडवतात.

साबण. न्यूट्रलायझेशननंतर (अल्कली देऊन आम्लता काढल्यावर) धुलाई नीट झाली नाही तर साबण उरतो. तो मातीतल्या आम्ल जागांवर बसतो, फुटून फॅटी ॲसिड होतो आणि एफएफए वाढतो. ॲसिटोन आणि ब्रोमोफिनॉल ब्लू वापरून टायट्रेशन करा. 50 पीपीएमच्या खाली आणा. त्याहून वर असेल तर माती वाढवण्याऐवजी पुन्हा एकदा गरम पाण्याने धुवा. पाणी मातीपेक्षा स्वस्त आहे.

गम. तो फॉस्फरसवरून मोजतात. सोयासारख्या तेलात ब्लीचिंगआधी 10 पीपीएमच्या खाली, जमल्यास 5 च्या जवळ असू द्या. न्हावा शेव्याच्या टाक्यांतून येणारं क्रूड पाम तेल भौतिक पद्धतीने शुद्ध करतात. तिथे 85 टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड तेलाच्या 0.05 ते 0.1 टक्के देतात आणि गम मातीच काढते. या पद्धतीत हात सैल सोडू नका. जादा फॉस्फोरिक मातीने धरलं नाही तर ते डिओडोरायझरपर्यंत जातं, तेल काळवंडतं, भांड्याचं पोलादही खातं.

पाणी. कोरड्या पद्धतीत तेलातला ओलावा 0.1 टक्क्याच्या खाली हवा. ओल्या तेलात माती टाकली की गोळे होतात आणि केक, म्हणजे फिल्टरवर साचणारा मातीचा थर, चिखलासारखा लागतो.

5. मात्रा बीकरमध्ये ठरवा

प्लँटमध्ये प्रयोग करू नका. 200 ग्रॅमचे चार नमुने घ्या, त्यांत 1, 2, 3 आणि 4 ग्रॅम माती, म्हणजे 0.5, 1, 1.5 आणि 2 टक्के. तेल 80 अंशांवर नेऊन माती टाका, व्हॅक्यूम लावा, 105 अंशांपर्यंत चढवा, 30 मिनिटं ढवळा. व्हॅक्यूम न सोडता 80 पर्यंत थंड करा, मग गाळा. प्रत्येकाचा रंग, पेरॉक्साइड (तेल किती खवट व्हायला लागलंय त्याचं माप) आणि एफएफए मोजा. याच तेलावर बरणीतल्या जुन्या लॉटचाही एक नमुना लावा. दोन लॉटची तुलना एकाच तेलावर केली तरच तिला किंमत.

आकडे कागदावर मांडलेत की दिसेल, पहिल्या अर्ध्या टक्क्याने जे काम केलं ते शेवटच्या अर्ध्या टक्क्याने केलेलं नाही. उताराची धार जिथे बोथट होते तिथे मात्रा ठरवा. सोया आणि सूर्यफुलाला साधारण 0.5 ते 1.5 टक्के, पामला 1 ते 2, राइस ब्रानला त्याहून जास्त. राइस ब्रानमध्ये मेण आणि गडद रंग दोन्ही असतात, तिथे 3 टक्क्यांपर्यंत जावं लागतं आणि थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बनही लागतो. कार्बन मातीच्या 5 ते 10 टक्के पुरतो. तो तेल खूप पितो आणि फिल्टर जड करतो, म्हणून सवयीने टाकू नका.

पाम तेलाबाबत एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. त्याचा लाल रंग कॅरोटीनचा, आणि त्यातला मोठा भाग डिओडोरायझरच्या उष्णतेने उडतो. ब्लीच झालेलं पाम तेल लालसर दिसलं म्हणून माती वाढवत बसू नका. तिथे मातीचं खरं काम फॉस्फरस, लोह आणि पेरॉक्साइड काढण्याचं. रंग बघायचाच असेल तर ब्लीच नमुना व्हॅक्यूमखाली 240 अंशांवर तापवून मग टिंटोमीटरच्या 5¼ इंचाच्या सेलमध्ये मोजा. आरबीडी (शुद्ध, ब्लीच आणि वास काढलेल्या) पामोलिनला या सेलमध्ये 3 रेडपर्यंतची मर्यादा व्यापारात रूढ आहे.

क्लोरोफिलचं उलट आहे. ते उष्णतेने उडत नाही. ब्लीचरमधून हिरवट झाक सुटली तर पुढे कोणीही ती काढून देणार नाही.

6. ब्लीचर चालवताना

तेल 75 ते 80 अंशांवर असताना माती घ्या. आधी 105 पर्यंत तापवून मग माती टाकली तर तिचं पाणी एकदम उसळतं, फेस चढतो आणि पानं तेल शिरायच्या आत मिटतात. नंतर तापमान 95 ते 110, वेळ 20 ते 30 मिनिटं. घोळ जास्त वेळ ठेवल्याने रंग उतरत नाही, उलट पुन्हा चढायला लागतो.

व्हॅक्यूम 50 मिमी पारा निरपेक्ष, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेला, ठेवा. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे गेजवर हे 710 मिमी दिसतं. तोच गेज पुण्यातल्या प्लँटवर 660 च्या आसपास दाखवेल आणि तरी व्हॅक्यूम तेवढाच असेल. तिकडून आलेल्या सहकाऱ्याशी वाद घालण्याआधी हे लक्षात घ्या.

मे आणि ऑक्टोबरमध्ये व्हॅक्यूम का पडतो? पंप, गळती सगळं तपासून झालं की कंडेन्सरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान बघा. 38 अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब स्वतःच 50 मिमी असतो. पाणी तेवढं गरम असेल तर ते त्याखालचा व्हॅक्यूम तुम्हाला मिळूच देणार नाही. कुलिंग टॉवरची साफसफाई ही अशा वेळी ब्लीचिंगची दुरुस्ती असते.

हवा शिरली तर माती उत्प्रेरकासारखी वागते: गरम तेल, मोठं पृष्ठफळ, ऑक्सिजन. रंग पक्का बसतो आणि मग दुप्पट मातीनेही उतरत नाही. ढवळणीचं ग्लँड आणि मॅनहोलचं गॅस्केट हे नेहमीचे गुन्हेगार.

हॉपरवर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात दमट माती हॉपरच्या तोंडाशी कमान धरते, स्क्रू रिकामा फिरतो आणि लॉगबुकात मात्रा 1 टक्का लिहिली जाते. शिफ्ट संपताना रिकामी पोती मोजा. 20 टन तेलाला 1 टक्का म्हणजे 200 किलो, म्हणजे 8 पोती. 6 सापडली तर उत्तर मिळालं.

माती ओतताना एन-95 मास्क आणि चष्मा. हिच्यात क्वार्ट्झची बारीक धूळ असते, ती फुप्फुसात साठते. आणि ब्लीचरच्या आत उतरायचं काम असेल तर परवाना, ऑक्सिजन मीटरवर किमान 19.5 टक्के आणि बाहेर एक माणूस, याशिवाय झाकणात डोकंही घालू नका. आत नायट्रोजन उरला असेल तर कळणार नाही, त्याला वास नसतो.

7. फिल्टर

बहुतेक ठिकाणी उभा प्रेशर लीफ फिल्टर (पीएलएफ; बंद टाकीत जाळीची पानं, म्हणजे लीफ) असतो, दोन, आलटून पालटून. आधी प्रीकोट, म्हणजे जाळीवर पहिला थर बसवणं: फिल्टर एडचा किंवा मातीचाच घोळ फिरवत राहा, साइट ग्लास स्वच्छ दिसेपर्यंत. घाईत, तेल गढूळ असतानाच पुढे वळवलं तर बारीक माती डिओडोरायझरमध्ये जाते आणि तिथे तेल बिघडवते. पीएलएफनंतर बॅग फिल्टर हवाच. तासाला एकदा अर्धा लिटर तेल पांढऱ्या फिल्टर पेपरमधून गाळा; काळे-करडे ठिपके म्हणजे एखादी जाळी फाटली.

केक इतका वाढू देऊ नका की शेजारच्या दोन लीफवरचे थर एकमेकाला चिकटतील. त्याने लीफ वाकतात, आणि वाकलेली लीफ नंतर कधीच नीट बसत नाही. दाब वाढायला लागला की थांबा.

मग तेल काढून घेणं. केक कोरड्या वाफेने किंवा नायट्रोजनने फुंका. ओली वाफ केक धुऊन खाली पाडते, आणि गरम केकवर हवा सोडणं हे आगीला आमंत्रण. पैशाचा हिशोब इथेच आहे: 200 किलो मातीच्या केकमध्ये वजनाच्या 25 टक्के तेल राहिलं तर साधारण 67 किलो तेल गेलं, 35 टक्के राहिलं तर 108 किलो. एका बॅचमागे 41 किलोचा फरक, तोही फक्त वाफ किती वेळ आणि किती कोरडी यावर. मातीच्या भावात किलोमागे रुपया वाचवायला जे तास जातात, त्यातला एक तास स्टीम ट्रॅपवर (वाफेतलं पाणी काढणाऱ्या झडपेवर) घालवा.

8. वापरलेली माती

हिला कचरा समजून ढीग घालू नका. पातळ थरात पसरलेलं असंपृक्त तेल, मोठं पृष्ठफळ, हवा: ऑक्सिडीकरण सुरू होतं, ढिगाच्या आत उष्णता कोंडते आणि काही तासांत तो आपोआप पेटू शकतो. तेलाचं आयोडीन मूल्य (असंपृक्ततेचं माप) जितकं जास्त तितका धोका मोठा. जवस सगळ्यात वाईट, सोया आणि सूर्यफूल त्याखालोखाल, पाम बरंच शांत, खोबरेल त्याहून. पण आधीच्या बॅचचा सूर्यफुलाचा केक पामच्या केकखाली असला तर ढीग सूर्यफुलाचाच समजा.

फिल्टरमधून पडलेला केक झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये घ्या, पाणी शिंपडा, ड्रम एकमेकांना खेटून ठेवू नका. गोणपाट, कॉटन वेस्ट, लाकडी पॅलेट जवळ नको. रात्रपाळीत तासाला एकदा हाताचा पंजा ड्रमच्या बाजूजवळ नेऊन बघा, नाहीतर थर्मामीटर खुपसा. जळकट, रंगासारखा वास आला की थांबायचं नाही: भरपूर पाणी.

जागेवर छत आणि कडेने बांध हवा. पावसात तेलकट पाणी नाल्यात गेलं तर ते थेट खाडीकडे जातं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते तेव्हा 'थोडंसंच होतं' हे उत्तर चालत नाही.

विल्हेवाटीसाठी आधी तुमचं संमतीपत्र उघडा. वापरलेली माती त्यात कोणत्या नावाने, किती प्रमाणात आणि कुठे पाठवायची असं लिहिलं आहे, ते शब्दशः पाळा. वापरलेलं वंगण किंवा टाकाऊ तेल पुन्हा शुद्ध करणाऱ्या कारखान्यातली तेलकट माती 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत येते. तिथे साठवण 90 दिवसांपर्यंत, नोंद फॉर्म 3 मध्ये, वाहतूक फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टवर (कचरा कुठून कुठे गेला त्याच्या कागदावर), आणि वार्षिक विवरण फॉर्म 4 मध्ये 30 जूनपर्यंत. घातक कचऱ्याचं एक सामायिक विल्हेवाट केंद्र तळोजा एमआयडीसीत आहे. खाद्यतेलाची माती सिमेंट भट्टीला किंवा वीटभट्टीला इंधन म्हणून द्यायची असली तरी मंडळाची परवानगी आणि घेणाऱ्याची परवानगी दोन्हींच्या प्रती फायलीत हव्यात.

'रोकडा देतो, उचलून नेतो' म्हणणारा टेम्पोवाला प्रत्येक एमआयडीसीच्या गेटवर भेटतो. त्याच्याकडे मॅनिफेस्ट नसतो, आणि भरलेला टेम्पो ठाणे-बेलापूर रस्त्यावर पेटला तर चलनावर नाव तुमच्या कंपनीचं असतं. ड्रम गाडीत चढवण्याआधी प्रत्येकाचं तापमान बघा. जो हाताला गरम लागतो तो त्या दिवशी जात नाही.